तापाच्या गोळीची कैफियत

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात गर्भवती स्त्रियांच्या वाट्याला पंधरा दिवसांच्या अंतराने दोन निषेध आले. पहिला परंपरागत होता. ७ तारखेच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण लागले, आणि दिवसभर संगणकासमोर बसून परदेशी बँकांचे हिशेब सांभाळणाऱ्या बंगळूरच्या कित्येक सुशिक्षित मराठी सुनांनी, सासूचे मन मोडू नये म्हणून म्हणा किंवा स्वतःच्याच मनाची खात्री नव्हती म्हणून म्हणा, त्या रात्री विळी-सुरीला हात लावला नाही. दुसरा निषेध नवा होता आणि तो थेट वॉशिंग्टनहून आला. २२ सप्टेंबरला, म्हणजे आपल्याकडे घट बसले त्याच दिवशी, अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांच्या उपस्थितीत असे जाहीर केले की गर्भारपणी घेतलेल्या टायलेनॉलचा मुलांच्या स्वमग्नतेशी संबंध आहे, आणि ताप अगदीच असह्य झाल्याखेरीज बाईने ती गोळी न घेता सोसावे. टायलेनॉल म्हणजे आपले पॅरासिटामॉल. क्रोसिन तेच, आणि करोनाच्या काळात जिचे नाव देशभर घरोघर झाले ती डोलो-६५० हीही तेच. ही डोलो बनवणारी मायक्रो लॅब्स कंपनी बंगळूरचीच असल्यामुळे, वॉशिंग्टनच्या व्यासपीठावरून सुटलेला तो बाण आमच्या शहरात जणू घरच्याच माणसाला लागला.

बेळगावात वैद्यकाचे शिक्षण पुरे करून मी या शहरात प्रसूतिशास्त्राचा व्यवसाय करीत आले आहे, त्यामुळे नवरात्राचे ते दिवस मला दूरध्वनीवर काढावे लागले हे ओघानेच आले. पाचव्या महिन्यात दोन डोलो घेतल्या होत्या, आता काय होईल, असे विचारणाऱ्यांची समजूत घालणे तुलनेने सोपे होते. कठीण होती ती दुसरी एक आई, जिच्या सहा वर्षांच्या मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान पूर्वीच झालेले होते आणि जी सात वर्षांपूर्वीच्या आपल्या गर्भारपणाचे दफ्तर मनात उलगडून, कोणत्या आठवड्यात, किती तापाला, किती गोळ्या, याचा जमाखर्च मांडीत बसली होती. तिला माझ्याकडून औषधाची माहिती नको होती. तिला निकाल हवा होता, आणि तो आपल्या विरुद्ध जाणार अशी तिने मनाशी खूणगाठ बांधलेली होती.

त्या घोषणेच्याच दिवशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त मार्टी मकारी यांनी डॉक्टरांसाठी जे पत्र जारी केले, त्याची भाषा व्यासपीठावरील भाषेहून पुष्कळच सावध होती. काही अभ्यासांत संबंध दिसतो, पण कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. विरुद्ध निष्कर्षांचे अभ्यासही उपलब्ध आहेत. आणि चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या ताप-दुखण्याच्या औषधांत गर्भारपणी हेच सर्वांत सुरक्षित, असा त्या पत्राचा आशय. पुढच्या एक-दोन दिवसांत युरोपीय औषध संस्था, ब्रिटनची नियामक संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनीही आपापल्या शिफारशी बदलण्यास कारण नसल्याचे कळवले. पण पत्रे आणि परिपत्रके कोण वाचतो!

तथापि हा सारा वाद राजकारण्यांच्या डोक्यातून निघालेला आहे असे म्हणून मोकळे होणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पॅरासिटामॉल वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, याविषयी कोणाचे दुमत नाही. २०२१ मध्ये ९१ शास्त्रज्ञांनी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध करून या औषधाचा वापर गर्भारपणी जपून, अल्प मात्रेत आणि अल्पकाळच करावा असे आवाहन केले होते, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये हार्वर्डचे आंद्रेआ बाकारेल्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४६ अभ्यासांचा परामर्श घेऊन संबंध असल्याकडे कौल दिला होता. हेच बाकारेल्ली त्यापूर्वी अमेरिकेतील औषधविक्रेत्यांविरुद्धच्या दाव्यात फिर्यादी पालकांच्या बाजूचे तज्ज्ञ साक्षीदार होते. परंतु न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातील न्यायाधीश डेनिस कोट यांनी डिसेंबर २०२३ मध्ये फिर्यादी पक्षाच्या तज्ज्ञांची साक्ष शास्त्रीय कसोटीला उतरत नाही म्हणून दाखल करून घेण्यास नकार दिला. न्यायालयाच्या फैसल्याने शास्त्राचा प्रश्न सुटतो असे मी मानीत नाही. मात्र पुराव्यांतील सोयीचे तेवढे उचलले जात आहेत हा त्या निकालपत्रातील आक्षेप, ज्यांनी मूळ निबंध वाचले आहेत त्यांना, सहजासहजी झटकता येणार नाही.

खरी अडचण कोठे आहे ती आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी दाखवून ठेवली आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हे खरे. पण ते उलटवून जेथे अग्नी तेथे धूर असे कोणी म्हणू लागला तर त्याला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवावा, कारण त्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघतो तो ओल्या सरपणाच्या संयोगाने, आणि अनुमानाला बिघडवणाऱ्या या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. आता, गर्भवती स्त्री गोळी हौसेने घेत नाही. तिला ताप आलेला असतो, कोठेतरी जंतुसंसर्ग झालेला असतो, अर्धशिशीने डोके फुटत असते, किंवा वर्षानुवर्षांची कंबरदुखी असते. आणि या प्रत्येक कारणाचा, गोळी घेतली वा न घेतली तरी, गर्भावर स्वतंत्र परिणाम संभवतो. शिवाय गोळी वारंवार घेणाऱ्या स्त्रियांत धूम्रपान, लठ्ठपणा, मानसिक विकार आणि इतर औषधांचा वापर यांचे प्रमाण अधिक असल्याचे नोंदींतून आढळते, आणि स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याने आईने स्वतःच्या देहस्वभावाबरोबर मुलाला काय दिले आणि गोळीबरोबर काय दिले हे वेगळे काढणे दुष्कर होऊन बसते. म्हणून गोळी घेतली का, या प्रश्नाआधी ती का घेतली, हा प्रश्न विचारावा लागतो, आणि बहुतेक अभ्यासांत नेमकी त्याचीच नोंद अपुरी असते.

ही उपाधी दूर सारण्याचा एक मार्ग म्हणजे एकाच आईच्या दोन मुलांची तुलना: एकाच्या वेळी तिने गोळी घेतली, दुसऱ्याच्या वेळी घेतली नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेली सुमारे २४ लाख ८० हजार मुले होती. सर्वसाधारण तुलनेत, दहाव्या वर्षापर्यंत स्वमग्नतेचे निदान गोळी न घेतलेल्या मातांच्या मुलांत १.३३ टक्के आणि घेतलेल्यांच्या मुलांत १.५३ टक्के असे आढळले; अन्य घटकांचा विचार केल्यावर हे अंतर आणखी आक्रसले; आणि सख्ख्या भावंडांची तुलना करताच ते नाहीसे झाले. टीकाकारांनी यावर असा आक्षेप घेतला की या नोंदींत गोळी घेतलेल्या माता जेमतेम साडेसात टक्के आहेत, अन्यत्र मात्र निम्म्याहून अधिक गर्भवती ती घेतात असे दिसते, तेव्हा पुष्कळ घेणाऱ्या न घेणाऱ्यांत मोजल्या गेल्या असाव्यात, आणि असा दोष भावंडांच्या तुलनेत अधिकच बळावतो. आक्षेप वजनदार आहे. पण जपानमधील दोन लाखांहून अधिक मुलांचा, निराळ्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२५ मध्ये बाहेर आला, आणि त्यातही संबंध टिकला नाही. दोन देशांतील दोन निरनिराळ्या दफ्तरांनी एकच जबानी द्यावी याला माझ्या लेखी बरेच महत्त्व आहे.

उलट बाजूने ज्याचा दाखला वारंवार दिला जातो त्या बोस्टनच्या अभ्यासाविषयी येथे थोडे विषयांतर करते, कारण प्रसूतिगृहात वावरणाऱ्या माणसाला त्यातील मेख चटकन कळते. तेथील संशोधकांनी ९९६ बाळांच्या नाळेतील रक्त तपासले, आणि ज्यांच्यात पॅरासिटामॉल अधिक त्यांच्यात पुढे स्वमग्नता अधिक असे त्यांना आढळले. मात्र तपासलेल्या नमुन्यांपैकी एकूण एक नमुन्यात ते औषध सापडले. म्हणजे तुलनेसाठी औषध न घेतलेली आई उरलीच नाही. दुसरे असे की हे औषध रक्तात दोन-तीन तासांत निम्म्यावर येते. तेव्हा नाळेतील रक्त सांगते ते कळांच्या वेळी काय दिले गेले याचे, आणि अधिक औषध लागले ते बहुधा लांबलेल्या, तापाच्या किंवा अडलेल्या बाळंतपणात लागले असणार. नऊ महिन्यांची हकीकत त्या थेंबात नसते.

आता बंगळूरविषयी. पावसाळा सुरू झाला की या शहरात डेंग्यू डोके वर काढतो. २०२४ मध्ये तर त्याचा फैलाव असा झाला की कर्नाटक सरकारला सप्टेंबरात अधिसूचना काढून त्याची गणना साथीच्या रोगांत करावी लागली. डेंग्यूच्या तापात रक्तबिंबिका घटतात, रक्तस्रावाचे भय असते, आणि म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे तेथे वर्ज्य असतात. राहते ते पॅरासिटामॉल. एरवीही गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात, आणि अखेरच्या तिमाहीत गर्भाच्या हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहावी लागते ती अकाली मिटवू शकतात. याउलट सुरुवातीच्या आठवड्यांतील तीव्र ज्वर उतरवला नाही तर मेरुरज्जूच्या जडणघडणीत वैगुण्य राहण्याचा धोका वाढतो. ही सारी माहिती ज्या बाईच्या कानावर नाही आणि डोलो घेऊ नये एवढेच मात्र आहे, ती वेदना किती काळ सोसणार? ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये माणूस पाठवते आणि डोलो सोडून दुखण्यावर काहीही द्या असे सांगते. आणि आपल्याकडचा दुकानदार, चिठ्ठी न मागता, कॉम्बिफ्लाम किंवा निमेसुलाइडची पट्टी पुढे करतो. पहिल्या गोळीत आयबुप्रोफेनच्या जोडीला पॅरासिटामॉलही असते, ही गोष्ट त्या व्यवहारात कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची या विकाराच्या इतिहासाला जुनी खोड आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून या विकाराला वैद्यकात स्थान दिले, आणि पुढे त्यांच्याच लेखनातील थंड, अलिप्त पालकांच्या उल्लेखांतून अशी एक उपपत्ती रूढ झाली की आईच्या मायेअभावी मूल स्वतःत मिटते. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी ती इतकी लोकप्रिय केली की एक पिढीभर मातांनी ती शिक्षेसारखी भोगली. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, तिचे खंडन केले. माया कमी पडली म्हणून एकेकाळी दोषी ठरलेली आई आता गोळी जास्त पडली म्हणून दोषी ठरत आहे, आणि बापाची जबानी दोन्ही खेपेस कोणी घेतलेली नाही.

मला विषाद वाटतो तो आणखी एका कारणाने. गर्भारपणी घेतल्यास मुलाच्या स्वमग्नतेचा धोका खरोखर वाढवणारे एक औषध आपल्याला ठाऊक आहे, ते आपल्या शहरात सर्रास वापरात आहे, आणि त्याविषयी कोणत्याही व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. ते म्हणजे व्हॅल्प्रोएट. अपस्मारावर ते गुणकारी आणि स्वस्त आहे. मनोविकारांतही दिले जाते. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सर्वसाधारण मुलांमध्ये स्वमग्नतेच्या वर्णपटातील विकारांचे प्रमाण १.५३ टक्के होते, तर व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या मुलांत ते ४.४२ टक्के निघाले; आणि आईला अपस्मार आहे ही उपाधी जमेस धरूनही हा धोका नाहीसा झाला नाही. याखेरीज शारीरिक व्यंगांचे प्रमाणही या औषधाने वाढते. ब्रिटनने २०१८ पासून असा नियमच केला की गर्भधारणा टाळण्याची पक्की व्यवस्था असल्याखेरीज प्रजननक्षम वयाच्या स्त्रीला ते देऊ नये. केरळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९८ पासून अपस्मार असलेल्या गर्भवतींची नोंदवही ठेवून या विषयात आपल्या देशापुरती मोठीच भर घातली आहे.

पण आपल्याकडे अडचण औषधाच्याही अलीकडची आहे. अपस्मार हे हिंदू विवाह कायद्याच्या दृष्टीने विवाहाला बाधक कारण होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले गेले, परंतु कायद्यातून गेलेले कारण सोयरिकीच्या बोलण्यातून गेलेले नाही, आणि म्हणून मुलीचे आईबाप झटक्यांची गोष्ट लपवतात. चौदाव्या वर्षापासून चालू असलेली गोळी सासरी जीवनसत्त्वाची म्हणून घेतली जाते. अशी मुलगी माझ्याकडे येते ती दोन महिने चुकल्यावर, जेव्हा गर्भाच्या मेरुरज्जूची घडण पुरी झालेली असते. आणि तिच्याबरोबर आलेली मंडळी मला विचारतात ते डोलोविषयी. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटामसारखे त्यातल्या त्यात निर्धोक औषध सुरू करायचे तर ते गर्भधारणेच्या काही महिने आधी, हळूहळू, मज्जाविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे लागते, आणि लपवलेल्या आजाराला असे आधीचे महिने मिळत नाहीत.

म्हणून पहिल्या तपासणीला मी सासूबाईंना बाहेर बसवते, नवऱ्यालाही बाहेर बसवते, आणि मुलीला झटक्यांच्या गोळ्यांविषयी विचारते. होकार आला तर होसूर रस्त्यावरच्या निम्हान्स या मनोविकार व मज्जाविकार संस्थेला चिठ्ठी लिहिते. पण चिठ्ठी हाती देण्यापूर्वी एवढे दोनदा बजावते की तेथे जाऊन येईपर्यंत गोळी एक दिवसही चुकवायची नाही, कारण भयाने एकाएकी औषध सोडल्यावर येणारा झटका आईच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.