पाणी मागण्याची चाल

माणूस आधी बोलू लागला की आधी गुणगुणू लागला, हा पंडितांचा जुना वाद आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. मात्र मेंदूत बोलण्याचे आणि गाण्याचे घर अगदी एकच नाही, हे आमच्या मामांच्या आजारपणात मला फार जवळून पाहावयास मिळाले.

मामा बेळगावचे, पेशाने शिक्षक, हौसेने भजनी. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि त्याबरोबर वाचाही गेली. समोरच्याचे बोलणे त्यांना समजे. परंतु घसा कोरडा पडला तरी 'पाणी' हा शब्द ओठांवर येत नसे. आणि तेच मामा, शेजारच्या घरी भजन सुरू झाले की अंथरुणात पडल्या पडल्या सबंध अभंग स्पष्ट शब्दांत म्हणत! आल्यागेल्याला तो चमत्कार वाटे. मामी तेवढी डोळे पुसून म्हणे, "देवापाशी बोलतात, माझ्यापाशी नाही."

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने अशाच एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. तो कित्येक वर्षे 'तान' एवढाच ध्वनी उच्चारी. आपल्याकडे गायकाची भरारी सुचविणारा शब्द तेथे एका दुर्दैवी जीवाची सारी भाषा होऊन बसला होता! त्याच्या मेंदूच्या डाव्या ललाटखंडास इजा झालेली आढळली. बहुतेकांच्या वाणीचा कारभार या डाव्या बाजूकडे असतो. गाण्यात उजवी बाजूही मोठा वाटा उचलते. शिवाय पाठ असलेले गाणे साखळीसारखे असते: एक कडी ओढली की पुढची आपोआप येते. म्हणून अभंग म्हणणे म्हणजे बोलणे नव्हे. मामीचे दुःख शास्त्राला धरूनच होते.

या उजव्या बाजूच्या मदतीने बोलणे परत आणावे, अशी एक पद्धत १९७३ साली बोस्टनच्या संशोधकांनी मांडली. मामांना शिकविणाऱ्या बाईंनी तीच धरली. 'पाणी दे' एवढेच वाक्य. खालचा आणि वरचा असे दोनच सूर. प्रत्येक अक्षराला मामांच्या डाव्या हाताने बिछान्यावर एक ठोका. आधी नुसते गुणगुणणे, मग दोघांनी मिळून म्हणणे, मग बाईंनी मध्येच थांबणे आणि अखेर चाल हळूहळू काढून घेणे. सुरापेक्षा लयीचाच आधार मोठा, असेही काही संशोधक मानतात. नुसत्या ऐकण्याचाही उपयोग होतो. २००८ साली हेलसिंकीच्या संशोधकांनी पक्षाघाताच्या रुग्णांना दोन महिने रोज आवडीचे संगीत ऐकविले, तेव्हा ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांची शब्दस्मृती व अवधान अधिक सुधारले.

चार महिन्यांनी एका दुपारी मामांनी मामीकडे पाहून, बिछान्यावर तीन ठोके देत, "पाणी दे" म्हटले. पुढे अशी वीसेक वाक्ये आली. त्यांची चाल शेवटपर्यंत पुरती सुटली नाही, आणि त्यांपलीकडचे बोलणे फारसे परतलेही नाही.

पाहुणे मात्र अभंगाचाच आग्रह धरीत. मामी त्यांना बसवी, चहा ठेवी, आणि साखर किती हे मामांनाच विचारी. उत्तरास वेळ लागे, ती थांबे. संगीताने वाचेचे दार किलकिले केले खरे, पण दाराशी कोणीतरी धीराने उभे राहावे लागते.