हंगाम संपला की बुद्धलेणी पाहू या



दरवर्षी १४ जानेवारीला आपल्या बीड जिल्ह्यातून जीप, टेम्पो भरभरून लोक छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीच्या औरंगाबादला) विद्यापीठाच्या गेटवर जातात. १९७८ साली विधिमंडळात ठराव झाला आणि बाबासाहेबांचे नाव लागले १९९४ साली. त्या सोळा वर्षांत काय सोसावे लागले, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. गेटला वंदन करून, पुस्तके घेऊन लोक परत फिरतात. विद्यापीठामागच्या डोंगरात बुद्धलेणी आहेत; तिकडे थोडेच वळतात. आमच्या वस्तीतली निम्मी घरे तर त्या दिवशी गेटवरही नसतात. जानेवारी म्हणजे गळिताचा भर. नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असतात.

म्हणून आम्ही वस्तीत ठरवले, पट्टा पडून माणसे घरी आली की बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास त्यांना घेऊन डोंगर चढायचा.

ब्रह्मदेशात पिंडया येथे चुनखडीच्या डोंगरात मोठी गुहा आहे. पाण्याने खडक विरघळून ती तयार झाली आणि उपासकांनी तिथे हजारो बुद्धमूर्ती आणून ठेवल्या. आपला डोंगर काळ्या बसाल्टचा. तो पाण्याने असा विरघळत नाही. इथे खांब, स्तूप, मूर्ती, सारे त्याच खडकातून छिन्नी-हातोड्याने काढलेले. चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत जुने, बाकीची बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकातली.

तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात अंधार असतो. थोडे थांबले की बुद्धमूर्ती दिसते आणि मग तिच्यासमोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेले स्त्री-पुरुष उपासक दिसू लागतात. जवळजवळ माणसाएवढे, दगडाचेच. वस्तीतल्या एक मावशी, वीस हंगाम केलेल्या, त्यांच्या ओळीला खाली बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बायांच्या अंगावर डाग बक्कळ हाय की! पर बसल्यात मातर आपल्यावानीच, खाली."

सातव्या लेण्यात आठ संकटांतून माणसांना सोडवणारा बोधिसत्त्व कोरला आहे. आग, साप, हत्ती, बुडती नाव अशी ती संकटे. मुलाने विचारले, यात मुकादमाची उचल कुठे आहे? सगळे हसले. मावशींच्या सुनेला मात्र हसू आले नाही. त्यांची मागच्या सालची उचल अजून फिटायची आहे.

येत्या वैशाखात पुन्हा जायचे आहे. ऊन फार असते, तेव्हा सकाळी लवकर चढावे, पाणी बरोबर घ्यावे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. खडू-कोळसा घेऊन भिंतीवर नावे लिहिणाऱ्या पोरांना आधीच दम द्यावा. भाड्यासाठी वस्तीतून महिना वीस रुपये जमा करतो आहोत. फडावर गेलेल्यांचे पैसे घरची म्हातारी माणसे भरतात.

जय भीम!