समुद्रात गोडे पाणी

आमच्या अकोल्याहून समुद्र फार दूर. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रेल्वेने मुंबईला आणि तेथून एस.टी.ने मुरूडला गेलो. वाळूत मनसोक्त खेळलो, शहाळ्याचे पाणी प्यालो. दुपारी एका खाणावळीत तांदळाची भाकरी, तळलेली सुरमई आणि सोलकढी मिळाली. अब्बांना मात्र ज्वारीच्या भाकरीची आठवण आली!

दुसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने आम्ही जंजिरा किल्ल्यावर गेलो. सिद्दींचा हा किल्ला चारही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. तेथील कलालबांगडी तोफ मला हत्तीएवढी वाटली. दादीने तोफेकडे पाहिलेसुद्धा नाही. ती थांबली तळ्याजवळ. भर समुद्रात गोड्या पाण्याची दोन मोठी तळी!

दादीचे माहेर पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यातले. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर, तरी विहिरींचे पाणी खारट. लहानपणी दादी गोड्या पाण्याच्या एका घागरीसाठी दुसऱ्या गावापर्यंत चालत जाई.

"इथे कोणी तहानलेले राहिले नसेल," ती हळूच म्हणाली.

नावाडी परत निघण्यासाठी हाका मारू लागला, तरी दादी तळ्याच्या काठावरून उठेना.