सोन्यातलं देणं

विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल सोन्याचांदीच्या गलाईवर पेटते, पण ती गलाई गावात होत नाही. कोइमतूर, मदुराई, कोचीन, हैदराबाद, वाराणसी, जिथे सराफांची पेठ आहे तिथल्या मागच्या बोळात आमच्याकडचा कुणीतरी भट्टी लावून बसलेला असतो. पाऊस नसलेल्या मुलखातून बाहेर पडलेल्या आजोबा-पणजोबांनी ही वाट पाडली. माझी भट्टी चेन्नईत, सौकारपेटेत. एन. एस. सी. बोस रोडवर सराफांची झगझगीत दुकानं, मागच्या गल्ल्यांत मारवाड्यांच्या पेढ्या, वरच्या माळ्यांवर बंगाली कारागिरांच्या खोल्या, आणि त्यांच्याच मधे आम्ही. इतक्या वर्षांत मला तमिळ हिशोबापुरतं आणि भांडणापुरतं येतं. माझ्या पोरांना चांगलं येतं.

करोनाच्या वर्षी आमचं काय झालं ते कळायला आधी धंदा कळायला हवा, कारण आमचं नुकसान बंद दुकानाच्या भाड्यात कमी आणि धंद्याच्या रीतीत जास्त झालं.

सराफाकडे मोडीत आलेला दागिना आमच्याकडे येतो. टाकणखार टाकून तो मुशीत वितळवायचा, त्यात चांदी मिसळून पातळ पत्रा करायचा आणि तो नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये, आम्ही तेजाब म्हणतो, उकळायचा. चांदी-तांबं तेजाबात विरघळतं, सोनं तपकिरी भुकटीसारखं तळाला उरतं. ती भुकटी धुऊन पुन्हा आटवली की शुद्ध लगड. तेजाबात गेलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवायची. हे झालं एक काम. दुसरं काम मातीचं. कारागिरांच्या खोलीतली झाडण, हात धुतलेलं पाणी, पॉलिशची धूळ, जुनी बसकरं, हे सगळं आम्ही विकत घेतो, जाळतो, धुतो आणि त्यातलं सोनं काढतो. बाहेरच्या माणसाला हसू येतं, पण आमच्या पोटाचा अर्धा भार या कचऱ्यावर होता.

आता रीत. सराफाला थांबायला वेळ नसतो. तो मोड घेऊन येतो, टंच, म्हणजे कस, बघून तिथल्या तिथे शुद्ध सोनं मागतो. म्हणजे आपल्याजवळ फिरतं सोनं हवं. ते सगळं स्वतःचं असणारा गलाईवाला विरळा. बहुतेकांनी नात्यातल्या मोठ्या माणसाकडून घेतलेलं असतं, आणि घेतात ते रुपयांत नाही, ग्रॅममध्ये. शंभर ग्रॅम नेले, शंभर ग्रॅम परत आणायचे. कागद नाही, बँक नाही. भाव चढो वा उतरो, सोनं फिरत राहिलं तर दोघांनाही झळ लागत नाही. माझ्याकडे कोइमतूरच्या मामांचं सोनं होतं. आईचे चुलतभाऊ, तिकडे त्यांची गलाई माझ्याहून जुनी.

सोनं फिरत राहिलं तर, असं म्हणालो ना, सगळी गोम तिथेच.

२०२० च्या २४ मार्चला पंतप्रधान रात्री आठ वाजता बोलले, पण तमिळनाडूत त्याच संध्याकाळी सहापासून जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत दुपारपासूनच शटर खाली यायला लागली. माझ्याकडे एका सराफाचा माल तेजाबात होता. तो अर्ध्यात सोडता येत नाही. शटर आतून ओढून, धुराडं चालू ठेवून आम्ही तो रात्री पुरा केला आणि तिजोरीत ठेवला. सराफाला फोन केला तर म्हणाला, राहू दे तुझ्याकडेच, एकवीस दिवसांचा तर प्रश्न आहे.

दुकानात गावाकडची चार पोरं होती, माळ्यावर झोपणारी. खाणंपिणं आणि पगार माझ्याकडे. पहिला महिना कुणाला फार काही वाटलं नाही. पत्ते, फोन, कधी नव्हे ती दुपारची झोप. रेशनवर तमिळनाडू सरकारने तांदळाच्या कार्डाला एक हजार रुपये आणि तांदूळ, डाळ, तेल, साखर फुकट दिली. माझं कार्ड इथलं होतं, मला मिळालं. पोरांची कार्डं खानापूर तालुक्यातली, त्यांचं तांदळाचं वजन तिकडच्या दुकानात. 'एक देश एक रेशन' तमिळनाडूत लागू झालं ते १ ऑक्टोबरला. त्यामुळे पोरांचं पोट माझ्या एका कार्डावर आणि अम्मा उणवगम या सरकारी स्वस्त खानावळीवर. एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबारभात, तीन रुपयांना दहीभात. मधे काही दिवस तेही सरकारने फुकट केलं. आमच्या एका पोराने तर त्या रांगेत दोन तमिळ हमाल मित्र केले, आजही त्यांचे फोन येतात. हे हमाल कोयंबेडूच्या भाजीबाजारातले. मेच्या सुरुवातीला तिथे लागण पसरली, ५ तारखेला अख्खा बाजार बंद झाला, आणि रोज पोती उचलणारे ते दोघं रांगेत आले.

आमच्या धंद्याचा सर्वांत मोठा दिवस अक्षय्य तृतीया. तमिळ माणूस त्या दिवशी सोनं घेतोच घेतो, गुंजभर का होईना. त्याआधीचे तीन-चार आठवडे सराफ मोड आटवून नवे दागिने घडवून घेत असतात, कारागीर रात्रपाळी करतात, आणि त्यांच्या झाडणीत आमची दिवाळी असते. त्या वर्षी तृतीया २६ एप्रिलला आली, आणि नेमक्या त्याच सकाळी सहापासून चेन्नईत चार दिवसांचा कडक लॉकडाऊन लागला. किराणा दुकानसुद्धा बंद. आमचा भाग रॉयपुरम झोनमध्ये, शहरात सर्वांत जास्त रुग्ण तिथेच. गल्लीच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले होते. मोठ्या सराफांनी फोनवर, ऑनलाइन सोनं विकलं, माल नंतर देऊ म्हणाले. ज्यांचं काम हातानेच होतं त्यांचं काय ते विचारू नये.

मग पोटासाठी हात गेला तो चांदीकडे. गलाईत चांदी मिसळावी लागते हे वर आलंच आहे, आणि ती स्वतःची लागते. तेजाबाच्या भांड्यातून फिरणारी ती चांदी हे माझं खरं भांडवल. मे महिन्यात तिच्यातली थोडी मोडली. मार्चमध्ये किलोला पस्तीस हजारांच्या आसपास उतरलेली चांदी तेव्हा जरा वर आली होती, एवढंच समाधान. ऑगस्टमध्ये तीच पंचाहत्तर हजारांपुढे गेली. पण पोरांना एप्रिल-मेमध्ये जेवायला घालायचं होतं, ऑगस्टमध्ये नाही. चांदी पुरली नाही, तसा मामांच्या सोन्यालाही हात लागला. पाच-पाच ग्रॅमने. भाडं थकलं होतं, घरमालक रोज खाली उभा राहायचा. वर चढून यायचा नाही, आजाराच्या भीतीने. खालूनच हाक मारायचा.

याच सुमारास केंद्राचं वीस लाख कोटींचं पॅकेज आलं. लहान उद्योगांना तारण न मागता कर्ज, तीन लाख कोटींचं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस आनंदीआनंद होता. मग नियम वाचले: २९ फेब्रुवारीला बँकेचं जेवढं कर्ज अंगावर असेल त्याच्या वीस टक्के. ज्याच्यावर कर्ज त्यालाच कर्ज! आमच्यापैकी बऱ्याच जणांनी आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलेलं नव्हतं, कारण आमचं देणंघेणं मामा-काकांच्या शब्दावर. तेव्हा वीस टक्के कशाचे काढणार? हप्ते पुढे ढकलायची सवलतही तशीच, हप्ते असतील त्याला. मामांकडे जाऊन मोरॅटोरियम मागण्याची सोय रिझर्व्ह बँकेने केलेली नव्हती.

पोरं मेच्या मध्यावर गावाला निघाली. तमिळनाडूचा ई-पास, महाराष्ट्राचा पास, डॉक्टरचा दाखला, हे सगळं करून चार घरच्यांनी मिळून एक टेम्पो ट्रॅव्हलर केली. हजारावर किलोमीटर, अर्ध्याहून जास्त वाट कर्नाटकातून. आणि १८ मेला कर्नाटकाने महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू, केरळ इथल्या लोकांना महिनाअखेरपर्यंत दार बंद केलं. आमची गाडी त्याच्या आदल्याच दिवशी पार झाली होती. मागून निघालेल्या एका गाडीला होसूरहून परत फिरावं लागलं.

गावात पोचल्यावर पोरांना शाळेत ठेवलं, चौदा दिवस. या शाळेच्या दोन खोल्या गलाईवाल्यांच्या वर्गणीतून बांधलेल्या, दारावर देणगीदारांची फरशी, त्यात आमच्या वडिलांचंही नाव. पोरं त्याच खोलीत, आणि घरचे लोक डबा फाटकाशी ठेवून मागे सरकायचे. चैत्रातल्या जत्रा त्या साली झाल्याच नाहीत, नाहीतर याच पोरांची गुलालाने माखलेली तोंडं पालखीपुढे दिसली असती. मला गावाचा राग आला नाही. मार्चअखेरीला इस्लामपुरात एकाच घरात वीसच्या वर रुग्ण निघाल्यापासून अख्खा सांगली जिल्हा धास्तावलेला होता. पण एका पोराला मात्र ते लागलं. तो परत आलाच नाही. टेंभू योजनेचं पाणी त्यांच्या शिवारात आलंय, डाळिंब लावलंय म्हणतो.

इकडे बंगाली कारागिरांचीही तीच गत. आमच्या वरच्या माळ्यावरची मंडळी श्रमिक रेल्वेत नंबर लागायची वाट बघत होती, तोच २० मेला अम्फान वादळ बंगालवर आदळलं. तिकडच्या सरकारने काही दिवस गाड्या पाठवू नका म्हणून सांगितलं. घर पडल्याची बातमी फोनवर आलेली आणि जायला गाडी नाही, अशा अवस्थेत एक प्रौढ कारागीर जिन्यात बसून राहायचा. मी त्याला चहा द्यायचो. बोलायला दोघांना मिळून एक धड भाषा नव्हती.

जूनमध्ये दुकानं उघडतायत म्हणेपर्यंत १९ तारखेपासून चेन्नई आणि शेजारचे जिल्हे पुन्हा बंद, ते ५ जुलैपर्यंत. खरा धंदा हलला जुलैत. आणि तेव्हा दोन गोष्टी एकदम समोर आल्या.

पहिली, भाव. मार्चच्या शेवटी दहा ग्रॅमला चाळीस-बेचाळीस हजार असलेलं शुद्ध सोनं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात छप्पन हजारांवर गेलं. इथे भाव सवरनमध्ये, म्हणजे आठ ग्रॅममध्ये सांगतात. त्याने पहिल्यांदाच चाळीस हजारांचा आकडा ओलांडला. टीव्हीवर सोन्यात पैसे घातलेल्यांचं कौतुक चाललं होतं. मी मात्र मामांचे ग्रॅम मोडले होते पंचेचाळीस-सत्तेचाळीसच्या भावाने. ते भरून काढायला आता छप्पनचं सोनं घ्यायचं. एका पैशाचंही व्याज नसलेलं देणं तीन महिन्यांत वीस-पंचवीस टक्क्यांनी फुगलं होतं. मामांना फोन केला. आधी तब्येती, गावचा पाऊस, मग विषय काढला की थोडं रुपयांत धरता का.

"रुपये नेले असतेस तर रुपये घेतले असते रे," मामा म्हणाले. "ग्रॅम नेलेस, ग्रॅम आण. माझ्याही डोक्यावर दुसऱ्याचे ग्रॅमच आहेत."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी ते मदुराईच्या कुणाकडून घेतलेले. पेठेतली ही साखळी अशीच असते. मधल्या कुणी दया दाखवायची ठरवली तर ती त्याने स्वतःच्या खिशातून दाखवायची. पण घाई करू नकोस, असं मात्र मामा आपणहून म्हणाले, आणि त्या एका वाक्यावर माझं वर्ष निभावलं.

दुसरी गोष्ट म्हणजे काम. काम भरपूर आलं, पण त्याचं रूप पालटलं होतं. घडणावळ थंड, निम्मे कारागीर बंगालात, त्यामुळे माती जवळजवळ बंद. आणि मोड मात्र पूर्वी कधी पाहिली नव्हती इतकी. भाव चढलेला आणि घरात पैसा नाही, तेव्हा लोकांनी सोनं काढलं. आधी गहाण टाकलं. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्टमध्ये सोनंतारणावर किमतीच्या पंचाहत्तरऐवजी नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला बँकांना मुभा दिली. ज्यांना तेवढंही झेपेना त्यांनी विकलं. आमच्याकडे गिऱ्हाईक थेट येत नाही, सराफाची पुडी येते. पण पुडी उघडली की कळतं. एरवी मोडीत जाड बांगड्या, जुन्या घडणीचे हार, फॅशन बदलली म्हणून टाकलेले. आता निघायचे ते बाळाच्या बोटातले अर्ध्या ग्रॅमचे वेढे, एकेकटी कुडी, नाकातली मुगुत्ती, आणि ताली. तमिळ बाईच्या गळ्यातली ताली, म्हणजे मंगळसूत्र, ही शेवटची मोडायची वस्तू. पेठेत जन्म गेलेला एक मारवाडी म्हातारा, पुडी देताना ताली असेल तर वेगळी सांगायचा. मुशीत सगळं एकत्रच जातं, सांगून काय होणार, पण तो सांगायचा.

त्या कामातून मी सावरलो, हे लिहायला मला संकोच वाटतो, पण खरं आहे. दसरा-दिवाळीपर्यंत घराचं भाडं चुकतं झालं, दोन पोरं परत आली. उरलेली चांदी वरच्या भावात थोडी विकली आणि मामांचे काही ग्रॅम भरले. बाकीचे २०२१ च्या मार्चमध्ये, सोनं पंचेचाळीस हजारांच्या आसपास उतरलं तेव्हा. मामांनी घाई केली असती तर तेच छप्पनने भरावे लागले असते.

दुसरी लाट भरात आली तेव्हा राज्यात नवं सरकार आलं होतं. १० मेपासून लॉकडाऊन, २४ पासून आणखी कडक. अक्षय्य तृतीया १४ मेला, म्हणजे लागोपाठ दुसरी तृतीया बंद शटरआड गेली. नव्या सरकारने कार्डाला दोन हप्त्यांत चार हजार रुपये दिले. यावेळी मी कुणाचे ग्रॅम फिरवत नव्हतो; गावाकडून भिशीचे रुपये उचलले, ठरल्या व्याजाने, आणि ते डिसेंबरपर्यंत फेडले. पोरंही गेली नाहीत, दोघंही माळ्यावरच राहिली.

वरच्या मजल्यावरचे कारागीर पुरते भरले नाहीत ते नाहीतच. काही तिकडेच हावड्याला खोल्या घेऊन बसलेत, काहींनी हा धंदाच सोडला. झाडण येईना, तेव्हा मातीचं काम करायला घेतलेली शेजारची खोली मी २०२१ च्या दिवाळीत सोडून दिली. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकणारा एक राजस्थानी मुलगा बसतो. भाडं माझ्या दीडपट देतो, आणि घरमालक आता जिना चढून वर येतो.