काट्यावर दोघे
सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे वजन करणे हेच पहिले काम अवघड असते. उभे राहता न येणाऱ्या मुलाला काट्यावर एकटे ठेवता येत नाही. पालक त्याला उचलून काट्यावर चढतात, मग एकटेच चढतात आणि वजाबाकी करतात. आमच्या घरी हा कार्यक्रम महिन्याच्या पहिल्या रविवारी होतो. त्यात आईचे वजनही वहीत चढते, हा नको असलेला फायदा. उंचीचे त्याहून कठीण. गुडघे ताठ होत नसतील तर गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजून अंदाज बांधतात. तेव्हा बीएमआयवरही बेतानेच विसंबावे.

लहानपणी अशा मुलांचे वजन बहुधा कमीच भरते. चावणे-गिळणे जड जाते, ठसका लागतो, एकेक जेवण तासभर चालते. म्हणून प्रत्येक घासात तूप घालायची सवय लागते. पुढे मूल व्हीलचेअरवर बसू लागले की हालचाल कमी, पण तूप तेवढेच. त्यात फिट्ससाठी दिले जाणारे व्हाल्प्रोएट काही मुलांची भूक वाढवते. ते परस्पर बंद करणे धोक्याचे. डॉक्टरांशीच बोलावे लागते. आमच्या मुलाचे वजन नवव्या ते अकराव्या वर्षात १९ वरून २८ किलोंवर गेले. स्प्लिंटचे पट्टे पुरेनात आणि त्याला बाथरूमपर्यंत उचलून नेताना माझी कंबर धरू लागली.

खाण्यात दयाही मिसळलेली असते. ‘बिचाऱ्याला दुसरे काय सुख आहे?’ म्हणत पाहुणे पेढा पुढे करतात. थेरपीतही हात वर केला की चॉकलेट. आम्ही त्याऐवजी साबणाचे फुगे ठेवले. पहिला आठवडा रडण्यात गेला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या अपंग मुलांसाठीही दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल सुचवली. तेवढी जमली नाही तरी थोडीही उपयोगी, असेही तिथे म्हटले आहे. बसून चेंडू फेकणे, पाण्यात पाय मारणे, खुर्चीची चाके स्वतः फिरवणे, हे सगळे त्यात येते. खुर्ची ढकलण्याची घाई मोठ्यांनाच असते. लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत त्याला चार मिनिटे लागतात. मध्ये शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडला चाक अडते, तो मागे घेतो, पुन्हा वळवतो. भाजीची पिशवी हातात धरून मी मागे उभी असते.