बरोबर आलेला माणूस

राहू गावाकडचा पेशंट समुपदेशनाला सहसा एकटा येत नाही. मुळा-मुठा आणि भीमेच्या मधला हा ऊसपट्टा. बरोबर भाऊ असतो, सासू असते, नाहीतर शेजारचे आबा. पेशंटशी एकट्याने बोलायचं, हा नियम मी पाळतेच. पण निम्मं काम बरोबर आलेल्या माणसापाशी असतं, असं माझं ठाम मत झालंय.

गुऱ्हाळ चालवणारा एक तरुण आला होता. रात्री छातीत धडधड, झोप नाही, ईसीजी मात्र चांगला. मी काहीही विचारलं की उत्तर थोरला भाऊ द्यायचा. "काय नाय ओ ताई, मोबाईल लई बघतो." धाकट्याचा अंगठा ईसीजीच्या फाईलची कड घासत राहायचा. पुढच्या वेळी त्याची परवानगी घेऊन दोघांना एकत्र बसवलं. थोरल्याला म्हटलं, "दादा, आज तुम्ही बोलायचं नाही, नुसतं त्याच्या शेजारी बसायचं." बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग धाकट्याने उचल दिलेल्या पैशांचं सांगितलं. मजुरांची टोळी आलीच नव्हती, पैसे बुडाले होते. थोरल्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. फाईलवरचा अंगठा थांबला.

मानसशास्त्रज्ञ जेम्स कोअन यांनी 2006 साली अमेरिकेत 16 विवाहित स्त्रियांवर केलेला प्रयोग मला अशा वेळी आठवतो. एमआरआय यंत्रात झोपवून त्यांना सौम्य विजेच्या झटक्याची धास्ती दाखवली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूची भयाची धावपळ सगळ्यांत कमी झाली, आणि संसार सुखाचा असेल तिथे आणखी कमी. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला. हा थोडासा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण पहिल्या भेटीत मी अनोळखीच असते.

"बोलून काय होणार?" असं गावात हमखास विचारतात. मंत्रचळेपणाच्या (ओसीडीच्या) पेशंटांवर मानसोपचारतज्ज्ञ लुईस बॅक्स्टर यांनी 1992 साली केलेल्या अभ्यासात, गोळ्यांनी बरे झालेले असोत की वर्तनोपचाराने, दोघांच्याही मेंदूतल्या एकाच भागाची अतिधावपळ उतरलेली दिसली. ज्याला गोळ्या लागतात त्याने त्या घ्याव्यातच, पण बोलण्याचा परिणामही शरीरावरच होतो.

अर्थात, नातं मारतंही. घरी मार खाणाऱ्या बाईशेजारी नवऱ्याला बसवणं हा उपचार नव्हे. तिथे दार बंद करून तिच्याशी एकटीशीच बोलायचं, आणि आधार माहेरात किंवा बचत गटात शोधायचा. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट उभा केला, त्यामागची जाण हीच: बरोबरच्या माणसालाही कुणीतरी बरोबर लागतं.

रात्री-अपरात्री जीव घाबरला तर 14416 या टेलिमानस हेल्पलाइनच्या नंबरावर फुकट बोलता येतं, मराठीतही. पण घरातल्या कुणाला झोप लागत नसेल, तर त्याला नुसतं पाठवू नका, घेऊन या. आणि प्रश्न त्याला विचारला की उत्तर त्यालाच देऊ द्या.