कोरड्यास

भाकरीला लावून जे खायचं त्याला आमच्याकडं कोरड्यास म्हणतात. नाव कोरड्यास, पण असायचं ते पातळ पाणी. पातेलं एक आणि तोंडं जास्त. पातळ केल्याबिगर पुरणार कसं?

स्वस्तात चांगलंचुंगलं कसं करावं हे सांगणारे आता पुष्कळ झालेत. माझ्या मायला ते कुणी शिकवलं नव्हतं. तिला दुसरा इलाजच नव्हता. पण तिच्या हाताला चव होती. ती चव कशी यायची ते सांगते. आणि तिची किंमत कुणी मोजली, तेही सांगते.

तेल आमच्या घरी चार आण्याचं यायचं. ते आठवडाभर पुरवायचं. म्हणून माय तेलावर विसंबली नाही. ती भाजण्यावर विसंबली. बाजरी, थोडे गहू, हरभऱ्याची डाळ, धने, लाल मिरच्या. हरेक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण डाळ भाजेस्तोवर धने करपून जातात. मग सगळं एकत्र करून जात्यावर दळायचं. हे येसर. गाडग्यात भरून ठेवलं की कित्येक दिवस टिकायचं. दोन मुठी येसर आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मग लसूण-मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. आमटी दाट व्हायची, भाजल्याचा वास म्हारवाडाभर जायचा. तेलाचा थेंब नसला तरी कळायचं नाही.

बाजारच्या दिवशी त्यात सुका बोंबील पडायचा. निखाऱ्यावर भाजलेला. माय त्याचे पाच तुकडे करायची. आजीला, बापाला, आम्हा तिघा भावंडांना. मोजून पाच.

पाऊस पडला की भाजीला पैसा लागत नव्हता. तांदूळजा, घोळ, कोवळा तरवटा. पाला उकडायचा, पिळायचा, मूठभर तुरीची भरड घालून परतायचा. पण बांधावरचा पाला खुडला तरी रानाचा मालक शिव्या द्यायचा. जो पाला त्याची ढोरं तुडवीत जायची, त्याच्यासाठी माझी माय शिव्या खायची. भाजी फुकट होती असं म्हणू कशी?

मटणाचंही तसंच. पडलेल्या ढोराचं मांस खाऊ नका, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं. आमच्या वस्तीत ते १९५६ च्या धर्मांतरानंतर पुरतं सुटलं. आजी वाळवलेल्या चान्यांच्या गोष्टी सांगायची आणि सांगता सांगता गप व्हायची. बाजारातलं मात्र आम्ही विकत आणायचो. बोकडाचं परवडायचं नाही, म्हणून मोठ्याचं. नाहीतर वजडी. ती गरम पाण्यात बुडवून, खरवडून साफ करायला माय अर्धा दिवस घालवायची. पैसा कमी लागायचा, कारण बाकीचं तिच्या मनगटातून निघायचं. २०१५ साली राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली. बाजारातलं आमचं दुकान उठलं. गरिबाच्या ताटातून काय गेलं, ते आम्हाला विचारायला कोणी आलं नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. माय खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला. त्याची भाकरी थापली की चिरायची. माय पाणी उकळून त्यात पीठ मळायची, तेव्हा कुठं भाकर धरायची. कामावर मजुरांना सुकडी मिळायची. माय ती पदरात बांधून आणायची. आम्ही वाटेवर उभे राहायचो आणि गाठ सोडून तिथंच खायचो. तू खाल्लीस का, असं एकानंही विचारलं नाही.

पुढं मी शिकले. नोकरी लागली. मायला शहरात आणलं. पहिल्याच रात्री तिला सगळ्यांच्या आधी ताट वाढलं. भाकर, वांग्याचं कोरड्यास, वर तेलाचा तवंग. ती ताटाकडं बघत बसली.

"माय, जेव की."

"जावई जेवले का? लेकरं?"

"जेवतील. तू जेव."

तिनं ताट झाकलं. सगळ्यांचं झाल्यावर उठली, रिकाम्या पातेल्यात भाकरीचा तुकडा फिरवला आणि तो खाल्ला.

मी ओरडले, "अगं, ताट भरलंय ना तुझं!"

"सवय हाय बाई. भरल्या ताटाची मला लाज वाटती."

त्या रात्री मी बोंबलाचे तुकडे मोजले. पाच. घरात माणसं सहा होतो.

तिचा सगळा हिशेब बरोबर होता. तेल, मीठ, पीठ, सरपण. त्यात फक्त ती नव्हती. कमी पैशात आमचं पोट भरलं, कारण एक पोट हिशेबात धरलंच नव्हतं. तिच्या हाताला चव होती असं आम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरलो. तिला ती चव किती मिळाली, कुणास ठाऊक.

आता रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो, माणशी पाच किलो. ज्वारी विकत घ्यावी लागते आणि ती गव्हाला भारी पडते. २०२३ हे भरडधान्याचं वर्ष म्हणून जगभर साजरं झालं. आमची भाकर मोठ्या हॉटेलात गेली, आमच्या ताटात महाग झाली.

तरी येसर मी अजून करते. भाव बघून धान्य बदलते. सुकट घालते, रानभाजी मिळाली तर घेते. स्वस्तात चांगलं करता येतं, त्यात खोटं काही नाही. पण तुम्ही कराल तेव्हा एवढं करा. ताटं सगळी एकदम वाढा. करणारीचंही त्यातच. माझी सून आणि मी तसंच करतो.

कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी पडू द्या.